डोक्याची गाडी, काळजाची गाडी आणि एक उलटी वाटणी

‘डोकं वापरायचं असेल तर पोलो जीटी घ्या, काळजाचं ऐकायचं असेल तर अबार्थ पुंटो.’ गाड्यांच्या गप्पांत हा निकाल इतक्या वेळा दिला गेला आहे की त्यावर अपील करायची सोयच उरलेली नाही. ऐकायला तो समंजस वाटतो. पोलोवाल्याला आपण शहाणे ठरल्याचं समाधान मिळतं, अबार्थवाल्याला रसिक ठरल्याचं, आणि दोघंही खुशीत चहाचे पैसे देतात. मी आधी पोलो जीटी टीएसआय वापरली, मग अबार्थ पुंटो, आणि मधला काही काळ दोन्ही गाड्या एकाच सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या होत्या. तेवढ्या भांडवलावर माझं म्हणणं असं, की ही वाटणी साफ उलटी झाली आहे. अबार्थ ही हिशेबी माणसाची गाडी होती. पोलो घेणारे आम्ही सगळे प्रेमात पडलेले होतो.

दोघीही पुणे जिल्ह्याच्या. पोलो चाकणची, 2009 मध्ये सुरू झालेल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यातली. पुंटो रांजणगावची, फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतल्या कारखान्यातली. दोन्ही कारखान्यांच्या मध्ये शिक्रापूरचा रस्ता, जिथे कंटेनरच्या मागे रांगत जाण्याखेरीज कुठल्याच गाडीला काही करता येत नाही. पोलो जीटी टीएसआय एप्रिल 2013 मध्ये आली. 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 105 अश्वशक्ती, 175 न्यूटन-मीटर टॉर्क आणि डीएसजी नावाचा सात गिअरचा, दोन क्लचांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दिल्लीत एक्स-शोरूम 7.99 लाख. अबार्थ पुंटो ऑक्टोबर 2015 मध्ये 9.95 लाखांना आली. 1.4 लिटरचं टी-जेट इंजिन, 145 अश्वशक्ती, 212 न्यूटन-मीटर, पाच गिअरचा साधा मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि नाकावर विंचू. (विंचू अशासाठी, की कार्लो अबार्थ वृश्चिक राशीचे. 1949 मध्ये त्यांनी काढलेली कंपनी 1971 मध्ये फियाटने घेतली.)

एका आक्षेपाची बोळवण आधीच करून टाकतो. काही कडवे लोक म्हणतात, 105 अश्वशक्तीची पोलो हॉट हॅच नाहीच, तेव्हा तुलनाच गैरलागू. ज्या गाडीमुळे हा प्रकार जगभर रूढ झाला त्या पहिल्या गोल्फ जीटीआयची ताकद 1976 मध्ये 110 अश्वशक्ती होती. ती वजनाला बरीच हलकी होती हे खरं. पण साध्या हॅचबॅकमध्ये जास्त ताकदीचं इंजिन घालून घरच्या गाडीला थोडा वाह्यातपणा शिकवायचा, ही कल्पना जीटी टीएसआयमध्ये पुरेपूर होती. 2016 मध्ये फोक्सवॅगनने आणलेली 192 अश्वशक्तीची तीन दारांची पोलो जीटीआय हवी तर तिच्या शेजारी ठेवा. फक्त 99 गाड्या, 26 लाखांच्या आसपास किंमत. तिच्याविषयी बोलणारे पुष्कळ, पाहिलेले थोडे, चालवलेले त्याहून थोडे.

आता मुख्य मुद्दा. पोलोला ‘डोक्याची’ ठरवणाऱ्यांचा पहिला हुकमी एक्का म्हणजे तिचा गिअरबॉक्स. शहरात ट्रॅफिक, डावा पाय मोकळा, सिग्नलला सुटका, शिवाय गिअर बदलायचा वेग माणसाच्या हातापेक्षा जास्त. यातलं शेवटचं विधान खरं आहे. डीएसजीत एक क्लच विषम गिअरांचा आणि दुसरा सम गिअरांचा. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लावून तयार असतो, रिले शर्यतीतला पुढचा धावपटू हात मागे करून उभा असावा तसा. काठी हातात पडायचा अवकाश. मोकळ्या रस्त्यावर, एस म्हणजे स्पोर्ट मोडमध्ये, उजवा पाय तळाला टेकवून हे अनुभवावं. दोन गिअरांच्या मधली फट लागतच नाही. मला आजही त्याची आठवण येते.

पण डोकं मोकळ्या रस्त्यासाठी लागत नाही. ते वाघोलीत संध्याकाळी सात वाजता लागतं. या पोलोतला डीएसजी कोरड्या क्लचांचा होता. म्हणजे हे क्लच तेलात बुडालेले नसतात. त्यांची उष्णता वाहून न्यायला तेल नसतं, आजूबाजूच्या हवेवरच भागवावं लागतं. गाडी रांगत असते तेव्हा गिअरबॉक्सला तेच करावं लागतं जे आपण मॅन्युअलमध्ये हाफ क्लचवर करतो: थोडं घासत, थोडं सोडत गाडी पुढे ढकलायची. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला. हे तासभर चालतं, बाहेर एप्रिलचा उकाडा असतो आणि क्लच तापत जातो. साधा ड्रायव्हर हाफ क्लचवर तासभर राहिला तर आपण त्याला दोन शब्द सुनावतो. इथे यंत्र तेच करतं आणि आपण त्याला सोय म्हणतो. नोव्हेंबर 2013 मध्ये फोक्सवॅगनने सात गिअरच्या डीएसजीच्या जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्या परत बोलावल्या, गिअरांचं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरण्यासाठी. त्या आधी चीन, जपान, सिंगापूर इथेही या गिअरबॉक्ससाठी गाड्या परत बोलावल्या गेल्या होत्या. उष्ण आणि दमट हवा, रांगणारं ट्रॅफिक, कोरडे क्लच. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या हिशेबी माणसाने नेमका हाच गिअरबॉक्स निवडावा, हा कुठला हिशेब?

मी पोलो चालवायचो तेव्हा पुढच्या गाडीमागे मुद्दाम अंतर सोडायचो, ते पुरेसं वाढलं की एकदाच सुटायचो आणि पुन्हा थांबायचो, म्हणजे क्लच पूर्ण धरेल आणि घासणार नाही. या अंतरात रिक्षा शिरायची, मग स्कूटर, मग दुसरी रिक्षा. मागचा हॉर्नवर. शेजारी बसलेली बायको विचारायची, ‘ऑटोमॅटिक आहे ना ही?’ ज्या गाडीचे असे लाड करावे लागतात तिच्यावर माणूस प्रेम करतो. तिला डोक्याची गाडी म्हणणं त्या प्रेमाचा अपमान आहे.

उलट अबार्थचा गिअरबॉक्स बघा. पाच गिअर, एक क्लच, एक दांडा. चाल जरा लांब, स्पर्श जरा रबरी, कौतुक करावं असं त्यात काही नाही. पण तालुक्याच्या ठिकाणचा गॅरेजवालाही तो उघडायला घाबरत नाही. क्लच गेला तर प्लेट बदलायची. यात कसली भावना आली?

दुसरा मुद्दा ओव्हरटेकचा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते सगळा वाद इथेच मिटतो. महाराष्ट्रातले आपले निम्मे रस्ते अजून दुपदरी आहेत. कोकणात उतरणारा कुठलाही घाट घ्या, नगरच्या पुढचा एखादा राज्य महामार्ग घ्या, उसाच्या दिवसांतला साताऱ्याच्या बाजूचा रस्ता घ्या. समोर दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, त्यामागे एसटी, त्यामागे तुम्ही. विरुद्ध बाजूच्या लेनमध्ये तुम्ही किती सेकंद उघड्यावर राहता, हा इथला खरा सुरक्षेचा प्रश्न आहे. पोलोत मी डी मोडवर असेन तर साठ-सत्तरच्या वेगाला गाडी पेट्रोल वाचवायला सातव्यात जाऊन बसलेली असते. पाय दाबला की ती आधी विचार करते. सातव्यातून पाचव्यात किंवा तिसऱ्यात यायचं म्हणजे त्याच क्लचवरचा गिअर बदलायचा. आधीच लावून ठेवलेल्या गिअराचा इथे उपयोग नसतो. क्षणभराचाच खेळ, पण तो नेमका एसटीच्या मागच्या चाकाशी येतो. अनुभवी मालक आधीच एस मोडमध्ये जातो किंवा दांडा बाजूला ओढून स्वतः गिअर उतरवतो. स्टिअरिंगमागे पॅडल दिलेलेच नाहीत. आणि दांड्याने गिअर बदलत असतानाही इंजिन कमाल फेऱ्यांना पोहोचलं की गाडी तुम्हाला न विचारता वरचा गिअर टाकते.

अबार्थमध्ये तिसरा गिअर, 2000 फेऱ्यांच्या वर इंजिन, आणि बस्स. 212 न्यूटन-मीटर 2000 ते 4000 च्या मध्ये हजर असतात. एसटी आरशात दिसायला लागेपर्यंत तुम्ही आपल्या लेनमध्ये परत आलेले असता. 2000 च्या खाली ती झोपलेली असते, हे कबूल. चौथ्यात चाळीसच्या वेगाने पाय दाबलात तर ती जांभई देते. पण ती काय करणार हे तुम्हाला आधी ठाऊक असतं, आणि ते तुमच्या हातात असतं. कंपन्यांचे दावे पाहिले तर शून्य ते शंभर पोलो 9.7 सेकंदांत, अबार्थ 8.8 सेकंदांत. सिग्नलवरून सुटताना या 0.9 सेकंदाला मी काडीची किंमत देत नाही. पन्नास ते नव्वदच्या टप्प्यात जो फरक पडतो त्याला देतो, आणि तो फरक चाळीस अश्वशक्तीचा आहे.

मग ब्रेक. पोलो जीटीला मागे ड्रम होते, अबार्थला चारही डिस्क. पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरताना चार माणसं आणि डिक्कीत स्ट्रॉबेरीची खोकी असतील, आणि तुम्ही इंजिन ब्रेकिंग विसरून पाय ब्रेकवरच ठेवून खाली आलात, तर शेवटच्या वळणांवर ब्रेकचं पॅडल काय सांगतं ते कळतं. पोलोचे ब्रेक वाईट नव्हते. अबार्थचे ब्रेक पहिल्या वळणाला जसे होते तसेच शेवटच्या वळणाला होते, एवढंच. स्टिअरिंगही तसंच. अबार्थचं हायड्रॉलिक, पार्किंगमध्ये जड, दंड दुखवणारं. पण घाटात पुढच्या चाकाखाली खडी आली की तळहाताला कळायचं. पोलोचं स्टिअरिंग बोटाने फिरायचं आणि फारसं बोलायचं नाही. पोलोचं सस्पेन्शन नेहमीच्या पोलोच्या अंगावरचं, मऊ. वळणात ती अंग झुकवायची. अबार्थ साध्या पुंटोपेक्षा 20 मिलिमीटर खाली बसवलेली, स्प्रिंग कडक, आणि तरीही खराब रस्त्यावर वेग वाढवला की खड्डे गिळत जायची. पुंटोचं हे कौतुक तिचे शत्रूही करायचे.

या ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनला आपल्याकडे ‘ड्रायव्हिंगची मजा’ या खात्यात टाकलं जातं, आणि हे खातं काळजाच्या बाजूला लिहिलं जातं. माझा खरा राग यावर आहे. गाडी कशी थांबते, कशी वळते, चाकाखाली काय चाललंय ते ड्रायव्हरला किती कळतं, हे सगळं भावनिक कधीपासून झालं? आणि दार बंद होतानाचा तो ‘धप्प’ आवाज, जो ऐकून निम्म्या पोलो विकल्या गेल्या, तो बौद्धिक कधीपासून झाला?

ॲव्हरेजचा मुद्दा झटपट संपवू. एआरएआयच्या चाचणीत पोलो जीटी लिटरला 17.2 किलोमीटर, अबार्थ 16.3. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्याला यातून बत्तीस लिटर पेट्रोलचा फरक पडतो. आजच्या भावाने साडेतीन हजारांच्या आत. मल्टिप्लेक्समध्ये चौघांनी दोनदा सिनेमा पाहायचा आणि पॉपकॉर्न खायचं. शहरात दोन्ही गाड्या हे आकडे विसरतात, आणि उजवा पाय जड असला तर दोन्ही सारख्याच निर्लज्जपणे विसरतात.

आता प्रतिपक्षाच्या खऱ्या ताकदीच्या जागा. त्या आहेत, आणि त्या लपवून वाद जिंकण्यात अर्थ नाही.

पोलो जीटीला गाडी घसरू लागली की सावरणारं ईएसपी होतं, चढावर गाडी मागे न घसरू देणारी सोय होती. अबार्थमध्ये ईएसपीही नाही, ट्रॅक्शन कंट्रोलही नाही. पावसाळ्यात ताम्हिणीत दुसऱ्या गिअरवर वळणातून बाहेर पडताना पाय जरा उतावळा झाला तर आतलं चाक फिरत राहतं आणि स्टिअरिंग हाताला हिसका देतं. 145 अश्वशक्ती पुढच्या चाकांना देऊन ही सोय न देणं, हा फियाटचा कंजूषपणा होता. त्याचा बचाव मी करणार नाही. ग्लोबल एनकॅपच्या 2014 च्या क्रॅश चाचणीत एअरबॅग नसलेल्या भारतीय पोलोला शून्य तारे मिळाले, फोक्सवॅगनने सगळ्या पोलोंना दोन एअरबॅग दिल्यावर तिला चार मिळाले. पुंटोविरुद्ध नेहमी पुढे केला जातो तो युरो एनकॅपचा 2017 चा शून्य. पण हीच गाडी 2005 मध्ये त्याच संस्थेच्या चाचणीत पाच ताऱ्यांची होती. मधल्या बारा वर्षांत नियम कडक झाले आणि गाडी तिथेच राहिली. जुन्या गाडीवरचा ठपका म्हणून तो शून्य योग्यच आहे. पण पोलोचे चार तारे वेगळ्या संस्थेच्या वेगळ्या चाचणीतले, तेव्हा चार विरुद्ध शून्य अशी बेरीज-वजाबाकी मांडणाऱ्याने आधी दोन्ही प्रश्नपत्रिका वाचाव्यात.

अबार्थमध्ये बसायची जागाही अवघड. सीट उंच, डाव्या पायाला टेकायला धड जागा नाही. 155 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, त्यामुळे पाच माणसं बसली की ग्रामपंचायतीच्या गतिरोधकांवर पोट घासतं. तिरकी घेऊन चढवावी लागते. हे सगळं रोजचं आहे आणि रोज चिडवतं.

सर्व्हिसचा मुद्दा सगळ्यात मोठा. फियाटने 2019 च्या सुरुवातीला भारतातल्या गाड्या बंद केल्या, आणि ज्यांच्याकडे पुंटो-लिनिआ होत्या त्यांना जीपच्या वर्कशॉपमध्ये दाराबाहेरच्या पाहुण्यासारखं उभं राहावं लागलं. हेडलाइटचा काच-संच, बंपर, अबार्थचीच खास अशी बारीकसारीक वस्तू मिळवायला वाट बघावी लागते, ओळखी काढाव्या लागतात. त्यासाठी मी वैतागलो आहे. पण हा वैताग गाडीच्या खात्यात लिहायचा की धंद्याच्या? फियाटने आधी आपल्या गाड्या टाटांच्या शोरूममधून विकल्या, 2012 मध्ये ती सोयरीक मोडून स्वतःचं जाळं विणायला घेतलं, आणि ते विणून होण्याआधीच गाशा गुंडाळायची वेळ आली. रांजणगावच्या त्याच कारखान्यातून 2017 पासून जीप कंपास बाहेर पडते आहे, तिला कुणी काळजाची गाडी म्हणत नाही.

आणि कुणाला आठवत असेल तर, फियाटचंच 1.3 लिटरचं डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये होतं, इंडिका व्हिस्टात होतं. लाखो हिशेबी भारतीयांनी ते आयुष्यातला सगळ्यात शहाणा निर्णय म्हणून घेतलं. तेव्हा फियाट म्हणजे भावना हे समीकरण कुठून आलं? मला वाटतं मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली पद्मिनी मरेपर्यंत लोकांच्या तोंडी ‘फियाट’च राहिली. वडिलांची फियाट, काकांची फियाट, लग्नात फुलं लावलेली फियाट. त्या आठवणींचं बिल फियाटच्या पुढच्या प्रत्येक गाडीच्या नावावर फाडलं गेलं. इटालियन म्हणजे रसिक पण बेभरवशाचं आणि जर्मन म्हणजे कोरडं पण पक्कं, हा दुसऱ्यांच्या विनोदांतून आलेला समज आपण जसाच्या तसा उचलला आणि चाकणच्या, रांजणगावच्या गाड्यांना चिकटवला. दोन्ही कारखान्यांत नट आवळणारी पोरं खेड-शिरूर तालुक्यांतली, आयटीआय झालेली. त्यातली कोण रसिक आणि कोण कोरडी?

राहता राहिली रीसेल. ‘पोलोला पैसे मिळतात, अबार्थला मिळत नाहीत, मग शहाणी कोण?’ हा प्रश्न विचारणारा आपण शेवटचा घाव घातला अशा थाटात विचारतो. अबार्थची किंमत का पडली? ती शहाण्याची गाडी नाही असं सगळे म्हणाले म्हणून. ती शहाण्याची गाडी का नाही? कारण तिची किंमत पडते. हे वर्तुळ ज्याने पूर्ण केलं त्याला माझा नमस्कार. नवी गाडी घेणाऱ्याचा तोटा झाला हे नक्की. पण सेकंडहँड बाजारात उभ्या असलेल्या माणसासाठी याच गोष्टीचा अर्थ उलटा होतो. ज्या पैशांत जुनी जीटी टीएसआय मिळते त्यापेक्षा कमी पैशांत जास्त ताकद, जास्त चांगले ब्रेक आणि साधा गिअरबॉक्स मिळत असेल तर डोकं कुठल्या बाजूला कलतं?

आणि पोलोला पैसे का मिळतात? गिअरबॉक्सबद्दल सगळ्यांनी सगळं वाचलेलं असताना का मिळतात? एप्रिल 2022 मध्ये पोलो बंद झाली तेव्हा ‘लेजंड एडिशन’ म्हणून शेवटच्या 700 गाड्या काढल्या. तोपर्यंत हे मॉडेल आपल्याकडे बारा वर्षं जुनं झालेलं. मागच्या सीटवर प्रौढ माणसाचे गुडघे मावत नाहीत हे पहिल्या दिवसापासून माहीत. तरी लोकांनी त्या गाड्यांसाठी फोन फिरवले, चाव्या घेतानाचे फोटो टाकले, मनापासून हळहळले. मला ते हास्यास्पद वाटलं नाही. मीही माझी पोलो विकल्यावर रस्त्यात दिसलेल्या प्रत्येक लाल जीटीकडे मान वळवून बघतो. तिचं बसकं नाक, कुठेही जास्तीची रेघ नसलेली बाजू, हाताला भरीव लागणारा इंडिकेटरचा दांडा, रात्री महामार्गावर शंभरला घरात बसल्यासारखी शांतता. यातलं काहीही कुठल्या तक्त्यात बसत नाही. पोलोप्रेमींनी हे अभिमानाने सांगावं. ‘आम्ही व्यवहार पाहून घेतली’ असं म्हणताना त्यांचं ध्यान त्या दाराच्या आवाजाकडे असतं, हे सगळ्यांना दिसतं.

या वाटणीचा तोटा फक्त दोन जुन्या गाड्यांच्या मालकांना झाला असता तर मी एवढं लिहायला बसलो नसतो. एकदा ‘हॉट हॅच म्हणजे काळजाचा मामला’ असं ठरलं की कंपन्यांचं काम सोपं होतं. काळीज लाल रेघेने जिंकता येतं, काळ्या छपराने, सीटवरच्या लाल शिवणीने, एग्झॉस्टच्या दोन तोंडांनी. स्प्रिंग, ब्रेक आणि स्टिअरिंगवर पैसे खर्च करायची गरज उरत नाही. मारुतीच्या बलेनो आरएसला 2017 मध्ये चारही डिस्क दिल्या होत्या. ग्राहकाला त्यात काय विशेष हे कुणी सांगितलंच नाही, आणि गाडी आली तशी गेली. ह्युंदाईच्या आय20 एन लाइनला मागे डिस्क आणि जरा कडक सस्पेन्शन आहे. शोरूममधला मुलगा मात्र तुम्हाला आधी स्पीकरचा ब्रँड सांगतो. अबार्थच्या 145 अश्वशक्तीच्या आसपास भारतात बनलेली दुसरी कुठलीही हॅचबॅक त्यानंतर आलेली नाही. 2025 मध्ये खरी गोल्फ जीटीआय आली, 53 लाखांना, मोजक्या संख्येने. दहा लाखांपासून त्रेपन्न लाखांपर्यंत मधली जागा मोकळी आहे, आणि तिथे स्टिकर विकले जात आहेत.

‘मग आता कुठली घेऊ?’ असं विचारणारे असतातच, आणि हल्ली विचारणारे बहुतेक सेकंडहँडवाले. दोन्ही बघा. अबार्थ बघायला गेलात तर आधी वाका आणि पोटाखाली घासल्याच्या खुणा पाहा, टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा, आणि खराब रस्त्यावर काच खाली करून सस्पेन्शनचे आवाज ऐका. पुढचा बंपर मूळचा आहे का ते नक्की विचारा, कारण तो पुन्हा मिळवणं हा वेगळा उद्योग आहे. पोलो जीटी बघायला गेलात तर गिअरबॉक्सच्या सर्व्हिसचे कागद आधी, रंग नंतर. आणि ट्रायल सकाळी सातला घेऊ नका. मालक सकाळचीच वेळ देईल, मोकळ्या बायपासवर नेईल, एस मोड लावून दाखवेल आणि तुम्ही विकत घेऊनच परत याल. दुपारी तीनला जा, एसी लावा, नाशिक फाट्याच्या रांगेत अर्धा तास रांगा, मग चढावर थांबून पुन्हा सुटा. गाडी एकसारखी, न थरथरता सुटली तर घ्या खुशाल. दार एकदाच लावून बघा, सारखं लावत बसू नका. मालक तुमच्याकडे बघत असतो, आणि भाव तिथेच ठरतो.